रिकामे कंस

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी
पडद्यावर खिडकी उघडली आणि आत काहीच नव्हतं.
काळोख नव्हे. पांढरं.
ओल्या चुन्यासारखं सपाट,
काठापासून काठापर्यंत.

पूर-नियंत्रण कक्षाच्या खऱ्या खिडकीशी गेले.
बाहेर गोदावरी होती. म्हणजे आवाज होता.

धरणातून किती क्युसेक सोडलेत ते
आहेर साहेबांनी फळ्यावर लिहिलं होतं, खडू दमट,
शेवटचं शून्य जरा घसरलेलं.
कॅमेरा दुतोंड्या मारुतीवर रोखलेला.
थेंबांचे ठिपके जावेत म्हणून मी
दहा चित्रांची बेरीज करून दहाने भागलं होतं.
तिथेच फसले.

भागाकार केला की आकड्यांचा पिंड बदलतो.
पूर्णांकांचे अपूर्णांक होतात,
आणि चित्र दाखवणारं ते फंक्शन, भोळं बिचारं,
अपूर्णांक आले की धरून चालतं
शून्य म्हणजे काळं, एक म्हणजे पांढरं,
एकाच्या वरचं सगळंही पांढरंच.
माझ्याकडे सत्तेचाळीस होते, एकशे बारा होते,
दोनशे तीन पूर्णांक चार होते.
त्याने सगळ्यांना एकच चुना फासला.

मारुती होता त्यात. पाणीही होतं.
चारशे ऐंशी ओळी, सहाशे चाळीस स्तंभ,
जो तो आपापल्या जागी बसलेला.
नव्हतं ते फक्त दिसणं.

फोन वाजला. आई.
"वैजू, कुठवर आलंय?"
भांडी बाजारातलं आमचं दुकान दोन पायऱ्या खाली आहे.
खालच्या फळीवरचे हंडे तिने वर चढवायला घेतले असणार,
मागे तांब्यावर तांबं आपटत होतं.
तिला क्युसेक कळत नाहीत असं नाही,
पण क्युसेकवर ती हंडे हलवत नाही.
गुडघे, कंबर, छाती, तोंड:
आकडा डोळ्यांना दिसेल अशी सोय
या गावाने संगणकाच्या कितीतरी आधी
नदीत उभी करून ठेवली
आणि वर शेंदूर फासला.

"थांब," म्हटलं, "दाखवत नाहीये अजून."
"कोण दाखवत नाही?"

मग चित्राच्या नावापुढे स्वल्पविराम दिला
आणि दोन चौकोनी कंस, आत काही नाही.
एवढंच.
रिकामे कंस मिळाले की ते आपली समजूत बाजूला ठेवतं,
आलेल्यांतच सगळ्यात धाकटा कोण, थोरला कोण ते बघतं,
धाकट्याला काळं, थोरल्याला पांढरं,
बाकीच्यांना मधे सरकून जागा.

खिडकी हलली.
राखाडी पाणी. त्यातून वर आलेला राखाडी खांदा.
वाहत चाललेली एक प्लास्टिकची खुर्ची,
दहांपैकी तीनच चित्रांत होती म्हणून पुसट,
जाताना आरपार दिसणारी.

"ओळ दोनशे ऐंशी," मी म्हटलं.
दहा मिनिटांनी, "दोनशे एकसष्ट."
आहेर साहेबांनी खुर्चीला पाठ टेकली. "उतरतंय म्हणजे."
"नाही साहेब. ओळी वरून मोजतात.
आकडा उतरतो तेव्हा पाणी चढतं."
त्यांनी खडू उचलला, ठेवला,
मग दोन्ही फोन एकदम उचलले.

आईला सांगितलं, छातीच्या वर.
किती वर, ते तिने विचारलं नाही.

सकाळी दुकानाच्या वरच्या पायरीवर
बोटभर गाळ सोडून पाणी परत गेलं होतं.
मी मोबाइलवर तिला ते चित्र दाखवलं,
जरा ऐटीतच.
तिने पदराने चष्मा पुसला, लांब धरलं, जवळ धरलं.
"हा कुणाचा मारुती? शेंदूर कुठाय?"

सांगणार होते, की तीन थर असतात, लाल, हिरवा, निळा,
आणि फाइल हलकी व्हावी म्हणून
मी त्यातला एकच ठेवला, हिरवा.
पण ती हंडे खाली घेत होती,
मोठ्याने मोजत, बारा, तेरा.
मी चौदावा तिच्या हातात दिला.